पहिला मेटल डिटेक्टर: यंत्राआधी मातीची ओळख

पहिला मेटल डिटेक्टर विकत घेऊ पाहणारा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो: हे यंत्र किती फूट खोलवरचे दाखवते? विक्रेत्यांना या प्रश्नाची सवय झालेली असते आणि जाहिरातींतून दहा फूट, वीस फूट असे आकडे सर्रास दिलेले असतात. प्रत्यक्षात हाताने फिरवायच्या साध्या यंत्राला एखादे नाणे जमिनीखाली पंधरा ते पंचवीस सेंटीमीटरवर ओळखता आले, तर ते यंत्र आपले काम चोख करत आहे असे समजावे. ही मर्यादा निसर्गनियमांनी घातलेली आहे. ते नियम थोडे समजून घेतले, तर खोलीचा प्रश्न मागे पडतो आणि पहिला प्रश्न यंत्राचा नसून मातीचा आहे, हे ध्यानात येते.

डिटेक्टरच्या दांड्याच्या खालच्या टोकाला जी चपटी तबकडी असते, तिच्यात तांब्याच्या तारेची सहसा दोन वेटोळी बसवलेली असतात. पहिल्या वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो आणि त्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये दाखवून दिले होते. त्याच नियमाने जमिनीतील धातूच्या तुकड्यात पाण्यातील भोवऱ्यासारखे गोल फिरणारे प्रवाह सुरू होतात. त्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. या प्रवाहांचेही एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असते आणि दुसरे वेटोळे तेवढेच टिपते. पहिल्या वेटोळ्याचा थेट परिणाम दुसऱ्यावर जवळजवळ शून्य व्हावा अशा बेताने ती दोन्ही एकमेकांवर बसवलेली असतात, त्यामुळे खाली काही नसेल तेव्हा यंत्र शांत राहते.

खोलीचे कोडे येथेच उलगडते. वेटोळ्यापासून पुरेसे दूर गेल्यावर चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात विरत जाते, आणि धातूकडून परत येणारे क्षेत्रही परतीच्या वाटेवर तसेच विरते. जाण्यायेण्याचा हिशेब एकत्र केला, की लहान वस्तूकडून मिळणारा संकेत अंतराच्या सहाव्या घाताने कमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले तर संकेत चौसष्टावा भाग उरतो. यंत्राची ताकद दुप्पट केली तरी खोलीत फार तर बोटभर भर पडते, ती याच कारणाने. मोठ्या व्यासाची तबकडी थोडी अधिक खोल पाहू शकते, परंतु ती जड असते, लहान वस्तू तिच्या हातून निसटतात आणि शेजारशेजारी पडलेल्या दोन वस्तू तिला वेगळ्या ओळखता येत नाहीत. नवशिक्याने साधारण 28 सेंटीमीटरच्या तबकडीवर समाधान मानावे.

यंत्र धातूंमध्ये फरक कसा करते, हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो. परत आलेला संकेत किती मोठा आहे यापेक्षा तो किती मागे रेंगाळतो, यावर ही ओळख अवलंबून असते. चांदी आणि तांबे उत्तम वाहक असल्यामुळे त्यांच्यातले आवर्त प्रवाह रेंगाळतात. ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खात ते चटकन मावळतात. लोखंड मात्र स्वतःच चुंबकित होत असल्यामुळे त्याचे उत्तर निराळ्याच धाटणीचे असते. यंत्र या विलंबाचा एक आकडा करून पडद्यावर दाखवते. हा आकडा धातूचे नाव सांगत नाही, हे पहिल्याच दिवशी मनावर ठसवून घ्यावे. वस्तूचा धातू, आकार, जाडी आणि ती जमिनीत कशी पडली आहे, या सर्वांची ती गोळाबेरीज असते. सोन्याची बारीक अंगठी आणि पेयाच्या डब्याची ओढून काढायची कडी यांचे आकडे बरेचदा एकच येतात, त्यामुळे कचरा नको म्हणून त्या आकड्यांचे संकेत बंद करून ठेवणारा माणूस अंगठीवरूनही पुढे निघून जातो.

घरच्या घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. तबकडी लाकडी टेबलावर आडवी ठेवून तिच्यासमोरून आधी चांदीचे जोडवे आणि मग एक रुपयाचे नाणे फिरवावे. जोडव्याचा सूर स्वच्छ आणि आकडा बऱ्यापैकी स्थिर असतो. आपले रुपयाचे नाणे मात्र चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे असल्याने आवर्त प्रवाह आणि चुंबकित होणे असे दोन्ही परिणाम त्यात मिसळतात. आकडा इकडेतिकडे उड्या मारतो किंवा लोखंडाकडे झुकतो. त्यानंतर एक अखंड अंगठी आणि तेवढ्याच वजनाची नाजूक साखळी समोरून न्यावी. अंगठीच्या पूर्ण वर्तुळातून प्रवाह मोकळा फिरतो, म्हणून ती दुरूनही ओळखू येते. साखळीतील प्रत्येक कडी म्हणजे एक चिमुकले वेगळे वर्तुळ असते, त्यामुळे तोळाभर सोन्याची साखळीसुद्धा यंत्राला जेमतेम ऐकू येते. वाळूत हरवलेली साखळी शोधताना निराशा पदरी का येते, याचे उत्तर या दहा मिनिटांत मिळते.

आता मातीकडे येऊ. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी नदीच्या वाळूतून लोहचुंबक फिरवला असेल आणि त्याला फुटलेल्या काळ्या मिशा पाहिल्या असतील. ते बारीक काळे कण प्रामुख्याने मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे असतात आणि दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते सर्वत्र विखुरलेले आहेत. तो खडक झिजून बनलेल्या आपल्या काळ्या जमिनीत हे कण उतरतात. कोकणातील जांभा लोहाच्या ऑक्साइडांनीच तांबडा झालेला आहे, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाचे साठे आहेत. डिटेक्टरच्या दृष्टीने अशी जमीन गप्प नसते. ती स्वतःच उत्तर देते, आणि बहुतेक वेळा तिचे उत्तर नाण्याच्या उत्तराहून कितीतरी मोठे असते. युरोपातील सौम्य मातीत एखादे यंत्र ज्या खोलीवर सहज पोहोचते, तेच यंत्र आपल्याकडे निम्म्यावरच अडखळू शकते. परदेशी परीक्षणे वाचून यंत्र मागवणाऱ्यांचा अपेक्षाभंग बहुतेक येथेच होतो. खरेदीपूर्वी जेथे शोधायचे आहे तेथील कोरडी माती कागदावर पसरावी, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला चुंबक तिच्यातून फिरवावा आणि किती कण चिकटतात ते पाहावे. या बिनखर्ची चाचणीतून जाहिरातीतल्या कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक कळते.

कण भरपूर चिकटले, तर मातीचे उत्तर वजा करण्याची सोय, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, हाताने जुळवता येणारे यंत्रच घ्यावे. कारखान्यात एकदाच ठरवून दिलेली जुळणी अशा जमिनीत फारशी उपयोगी पडत नाही. तबकडीही डबल डी प्रकारची असावी. तिच्यातील इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी मधल्या एका अरुंद पट्टीवर एकत्र येत असल्याने ती एका वेळी कमी माती ऐकते. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच विजेची वाहक असते, त्यामुळे समुद्रकाठी एकाच वेळी अनेक वारंवारितांवर चालणारे यंत्र अधिक सोयीचे ठरते. पल्स प्रकारची यंत्रे सलग लहरीऐवजी विजेचे तुटक झटके देतात आणि झटका थांबल्यावरचे मावळते प्रवाह ऐकतात. खनिजयुक्त मातीत ती खोल जातात, परंतु त्यांतील बहुतेकांना लोखंड आणि इतर धातू यांतला फरक नीट सांगता येत नाही, म्हणून पहिले यंत्र म्हणून मी त्यांची शिफारस करणार नाही. दूरवरचे सोने दाखवणाऱ्या अँटेनावजा काड्यांपासून तर कटाक्षाने लांब राहावे. असलेच कोणतेही तत्त्व नसलेले उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिक याला ब्रिटनमधील न्यायालयाने 2013 मध्ये दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली होती.

यंत्र हाती आल्यावर लगेच शेत गाठू नये. परसात हातभर अंतरावर खड्डे घेऊन पाच, दहा आणि पंधरा सेंटीमीटरवर नाणी पुरावीत, त्यांच्या शेजारी एक खिळा, एक बाटलीचे झाकण आणि वर्खाची एक गोळी पुरावी आणि प्रत्येक जागेची नोंद ठेवावी. पुढचे काही दिवस सर्व धातूंचे संकेत चालू ठेवून, हेडफोन लावून, पडद्याकडे न पाहता केवळ आवाजावरून काय पुरले आहे ते ओळखण्याचा सराव करावा. तबकडी जमिनीपासून दोन बोटांवर आणि समांतर राहिली पाहिजे. नवशिक्याचा हात झोपाळ्यासारखा हलतो, प्रत्येक फेरीच्या दोन्ही टोकांना तबकडी वर उचलली जाते आणि सहाव्या घाताच्या नियमाने तिथली खोली क्षणात निसटते. पुढची फेरी आधीच्या फेरीवर निम्मी तरी चढावी. संवेदनक्षमता पूर्ण वाढवण्याचा मोहही आवरावा, कारण विजेच्या तारांजवळ आणि खनिजयुक्त मातीत तसे केल्याने यंत्र फक्त बडबडू लागते. आपल्या शेतात पहिले कित्येक दिवस बैलांच्या खुरांच्या पत्र्या, खिळे आणि औजारांचे तुकडेच निघतील. ते सारे जपून ठेवावे आणि पुन्हा तबकडीखाली धरून त्यांचे सूर कानात बसवावेत.

आसपास काय आहे याचे भान सुटले तर काय होते, हे या यंत्राच्या इतिहासातच नोंदलेले आहे. जुलै 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युतप्रवर्तनाच्या तत्त्वावरचे एक उपकरण तयार केले. जुन्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांच्या अंगातील गोळ्या ते उपकरण दाखवू शकत होते. अध्यक्षांच्या बिछान्याजवळ मात्र सगळीकडूनच आवाज येऊ लागला, कारण गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांनी केवळ उजव्या बाजूचीच तपासणी करू दिली आणि गोळी डावीकडे होती. 19 सप्टेंबरला गारफील्ड यांचा मृत्यू झाला. बेल यांचे उपकरण बरोबर होते. ज्या जागेवर ते धरले होते तिची पुरेशी ओळख कोणी करून घेतलेली नव्हती.

कायदा हाही जागेच्या ओळखीचाच भाग आहे. भारतात 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते, तर 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला किंवा शिल्पाला पुरावस्तूचा दर्जा दिलेला आहे. संरक्षित गडकिल्ले, लेणी आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्त्या गाडल्या गेलेल्या, टेकाडांवर परवान्याविना उकरणे हा गुन्हा आहे, आणि उकरलेले नाणे ज्या थरातून निघाले त्याची नोंद कायमची पुसली जाते, याचे मला कायद्याहूनही अधिक दुःख वाटते. स्वतःचे अंगण, मालकाने संमती दिलेले शेत, हरवलेली अंगठी, बुजलेली पाइपलाइन, इतकेच आपले क्षेत्र मानावे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना याहून मोकळीक आहे: जमीनमालकाची परवानगी घेऊन शोध घेता येतो, आणि इंग्लंड व वेल्समध्ये सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्यासाठी 1997 पासून एक सार्वजनिक योजना चालू आहे, जिच्यात आजवर दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. तिथेही संरक्षित स्मारकांवर परवान्याविना डिटेक्टर नेता येत नाही.

त्या देशातील सफोक परगण्यात, हॉक्सन गावी, 16 नोव्हेंबर 1992 रोजी एरिक लॉज हे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होते. एका जागी जोरदार संकेत मिळाला आणि उकरल्यावर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी हाताला लागू लागली. आणखी खोल खणण्याचा मोह आवरून त्यांनी हात थांबवला आणि संबंधितांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तेथे शिस्तशीर उत्खनन केले. त्यात रोमन काळाच्या अखेरची मिळून 14,865 नाणी निघाली. आणि माती थराथराने उचलली गेल्यामुळे तो ठेवा लाकडी पेटीत ठेवलेला होता, आत गवताच्या आणि कापडाच्या आवरणात वस्तू कशा रचल्या होत्या, हेसुद्धा कुजलेल्या अवशेषांवरून वाचता आले. हातोडाही सापडला. तो आता त्या ठेव्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.