राखेवरून गोवऱ्यांचा हिशेब

संक्रांतीच्या सुमारास सोलापूरकडे हुरडा ऐन भरात असतो. रात्री साडेनऊला आगटीशेजारी पोतं अंथरून उताणं पडावं, तर रोहिणी जवळजवळ बरोबर डोक्यावर. तिच्याभोवती पाचरीच्या आकारात दिसतो तो हायडीज तारकागुच्छ. (रोहिणी स्वतः त्यातली नव्हे. ती 65 प्रकाशवर्षांवर, गुच्छ दीडशेच्या पलीकडे.) त्या गुच्छात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे काही श्वेत बटू आहेत. इंधन संपलेल्या ताऱ्यांची ती राख.

सकाळी आगटीतली राख दाखवून कुणी विचारलं, गोवऱ्या किती घातल्या होत्या, तर काय सांगणार? खगोलशास्त्रज्ञांपुढे हाच पेच होता.

राखेचं वजन त्या मानाने लवकर कळलं. व्याधाच्या डुलत्या चालीवरून त्याला अदृश्य जोडीदार असावा, असं जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी 1844 मध्ये ताडलं. 1862 मध्ये तो दुर्बिणीतून दिसला. आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्याएवढं! तो श्वेत बटूच. श्वेत बटूच्या वस्तुमानाला सुमारे 1.4 सूर्यांची कमाल मर्यादा असते, हे गणित 1930 मध्ये मुंबईहून बोटीने निघालेल्या चंद्रशेखर यांनी मांडलं. पण मूळचा तारा केवढा होता, हे एकट्या श्वेत बटूकडून कळत नाही.

इथे गुच्छ कामाला येतो. त्यातले तारे एकाच वेळी जन्मलेले, म्हणजे सगळ्यांचं वय एकच. श्वेत बटूच्या वर्णपटात (त्याचा प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यात) हायड्रोजनच्या रेषा किती रुंद आहेत, त्यावरून पृष्ठभागाचं गुरुत्व आणि तापमान निघतं, आणि त्यावरून वस्तुमान आणि तो किती काळ निवतोय तेही. गुच्छाच्या वयातून निवण्याचा काळ वजा केला की मूळ तारा किती जगला ते उरतं. जड तारे लवकर संपतात, त्यामुळे आयुष्य कळलं की जन्माचं वजन कळलं. मला तरी ही वजाबाकी या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. खगोलशास्त्रज्ञ वायडेमान यांनी 1977 मध्ये असा जन्म-मृत्यूच्या वस्तुमानांचा आलेख मांडला.

वस्तुमान ताडून पाहायचीही सोय आहे. श्वेत बटूच्या ओढीने त्याचा प्रकाश किंचित तांबड्याकडे सरकतो. पण ताऱ्याच्या स्वतःच्या चालीनेही प्रकाश असाच सरकतो, आणि एकट्या ताऱ्यात हे दोन सरक वेगळे काढता येत नाहीत. गुच्छात भावंडांची चाल माहीत असते, ती वजा केली की झालं.

सगळ्यात नवल कृत्तिका गुच्छाचं. वय जेमतेम साडेबारा कोटी वर्षं, तरी तिथे सूर्याहून थोडा जड श्वेत बटू आहे. मूळ तारा सुमारे 6 सूर्यांचा, म्हणजे पाच सूर्यांएवढा ऐवज त्याने वाऱ्यावर उधळला आणि स्फोट न होता शांतपणे विझला. उलट टोकाला ज्येष्ठेजवळचा म्हातारा एम-4 गुच्छ. तिथे साधारण 0.8 सूर्याचे तारे आज संपताहेत आणि मागे 0.53 च्या आसपास राहतं.

2013 मध्ये अवकाशात गेलेल्या युरोपच्या गाया यानाने ताऱ्यांची अंतरं आणि चाल इतकी नेमकी मोजली की गुच्छातला कोण आणि वाटेतला पाहुणा कोण, हा जुना वाद बराचसा मिटला. पळून गेलेलेही सापडू लागले. हायडीजमधून निसटलेला असा एक श्वेत बटू सुमारे 1.3 सूर्यांचा भरला, चंद्रशेखर मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर.