ब्रुगमॅन्सिया (एंजल्स ट्रंपेट) : बागेतील व कुंडीतील लागवड

ब्रुगमॅन्सिया ही सोलॅनेसी कुलातील झुडपांची प्रजाती बागकामात एंजल्स ट्रंपेट या नावाने ओळखली जाते. वांगी, टोमॅटो, मिरची आणि धोतरा ही याच कुलातली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने 1753 मध्ये या झाडाला धोतऱ्याच्याच प्रजातीत बसवले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ पेरसून यांनी 1805 मध्ये ते वेगळे काढून डच निसर्गवैज्ञानिक सेबाल्ड ब्रुगमन्स यांचे नाव दिले, तरी हा घोळ पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. रोपवाटिकांमधल्या पाट्यांवर तो अजूनही दिसतो. झाडासमोर उभे राहिले की मात्र शंका उरत नाही. धोतऱ्याची फुले वर किंवा तिरकी उभी असतात आणि बोंड बहुधा काटेरी असते. ब्रुगमॅन्सियाची फुले खाली लोंबतात, फळ बिनकाट्याचे असते आणि खोड लाकडी होते.

प्रजातीत सात जाती मानल्या जातात. मूळ प्रदेश दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांग आणि ब्राझीलचा आग्नेय भाग. पण रानात आपोआप वाढणारी झाडे आता उरलेली नाहीत, असे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत नोंदले आहे. माणसाने छाट (लावण्यासाठी तोडलेले फांदीचे तुकडे) लावत नेले म्हणून ही झाडे टिकली.

लागवडीच्या दृष्टीने जातींचे दोन गट पडतात. सुआव्हिओलेन्स, व्हर्सिकलर, ऑरिया आणि इन्सिग्निस या उबदार हवेत रमतात. आर्बोरिया, सँग्विनिया आणि व्हल्कॅनिकोला या डोंगराळ, थंड हवेच्या. रात्री उकाडा असेल तर त्या फुलत नाहीत, म्हणून उष्ण प्रदेशात त्यांच्या नादी न लागलेले बरे. सँग्विनियाच्या लालसर फुलांना वास नसतो, कारण तिचे परागण हमिंगबर्ड पक्षी करतात. बहुतेक इतर जाती निशाचर पतंगांवर अवलंबून असल्याने संध्याकाळ झाली की त्यांचा सुगंध दरवळू लागतो. बसायच्या जागेजवळ झाड लावायचे ते त्यासाठीच.

या झाडाची सगळी किल्ली त्याच्या पहिल्या बेचक्यात आहे. छोटे रोप एका सरळ सोटाने वर जाते, पुरेशी उंची आली की दोन फांद्यांत फुटते आणि त्यानंतरच फुले धरू लागते. कितीही खत घातले तरी बेचक्याखाली फूल येत नाही. त्यामुळे छाट कुठून घेतला याला महत्त्व आहे. बेचक्यावरच्या फांदीचा छाट ठेंगणाच राहतो आणि लवकर फुलतो, म्हणून तो कुंडीला चांगला. खालचा छाट आधी उंच खोड करतो. बागेत छोटा वृक्ष हवा असेल तर तोच घ्यावा. तोडून आणलेली फांदी कुठली हे पानावरून ओळखता येते. बेचक्यावरच्या पानाच्या बुडाशी पात्याच्या दोन बाजू देठाला वरखाली जुळतात, खालच्या पानात त्या समोरासमोर येतात.

पेन्सिलीएवढ्या जाडीचा, 15 ते 20 सेंमी. लांबीचा छाट नुसत्या पाण्यातही मुळे धरतो. आधी सालीवर पांढरे फुगीर ठिपके उठतात, मग त्यांतून मुळे फुटतात. बियांपासूनही रोपे होतात, पण संकरित झाडांची पिले आईसारखी निघत नाहीत.

कुंडी मोठी हवी. वाढलेल्या झाडाला 40 लिटरच्या आसपासची, तळाला भोके असलेली आणि वाऱ्यात न कलंडणारी. झाड खादाड आहे आणि पाणीही भरपूर पिते. कडक उन्हात कुंडीतल्या झाडाला दिवसातून दोनदा पाणी लागू शकते. दुपारी पाने लुळी पडली की लगेच पाणी ओतण्याआधी मातीत बोट घालून पाहावे. माती ओली असेल तर पाने संध्याकाळी आपोआप सावरतात, उगाच पाणी घातले तर मुळे कुजतात. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मानवते. वाढीच्या काळात खत नियमित द्यावे, मात्र नुसत्या नत्राने पाने माजतात. फुले सतत न येता बहराबहराने येतात, त्यामुळे मधल्या रिकाम्या आठवड्यांत घाबरून छाटणी करू नये.

लाल कोळी आणि पांढरी माशी हे नेहमीचे त्रास. कोळी पानाच्या मागे असतात, तेव्हा पाण्याचा फवारा खालून मारावा. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे आणि मुरडा दिसला तर विषाणूचा संशय घ्यावा. त्यावर इलाज नाही आणि तो छाटांबरोबर पसरतो.

झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. अ‍ॅट्रोपीन, स्कोपोलमीन आणि हायोसायमीन ही अल्कलॉइडे त्यात असतात. पोटात गेल्यास तोंड कोरडे पडते, नाडी जलद होते, भ्रम होतो. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. छाटणीनंतर न धुतलेला हात डोळ्याला लागला तर तेवढ्याच डोळ्याची बाहुली मोठी होते आणि अंधुक दिसते. कारण ठाऊक नसलेल्या डॉक्टरला तो मेंदूचा विकार वाटू शकतो, म्हणून या झाडाला हात लावला होता हे आवर्जून सांगावे. हातमोजे घालणे उत्तम. लहान मुले किंवा गुरे जिथे पोचतात तिथे हे झाड लावू नये.

दंव पडले की वरचा भाग काळा पडून मरतो. जमिनीतल्या झाडाच्या बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर दिला तर मुळांतून पुन्हा फुटवा येऊ शकतो. कुंडी मात्र आत घ्यावी. 5 ते 10 अंश सेल्सिअस तापमानात, जवळजवळ कोरडी ठेवली तरी झाड हिवाळा काढते. आत घेताना जागा करायला फांद्या छाटाव्या लागतात, तेव्हा बेचक्याच्या वर काही पेरे राखावीत. खाली कापले तर झाड पुन्हा सोट वाढवत बसते आणि बहर लांबतो. बाहेर काढल्यावर पहिला आठवडा सावलीत ठेवावे, नाहीतर कोवळी पाने करपतात.