चारुलता : अखेरचा गोठलेला प्रसंग

सत्यजित राय (१९२१–१९९२) यांच्या ‘चारुलता’ (१९६४) या बंगाली चित्रपटाचा शेवटचा प्रसंग. पत्नीचे मन दुसऱ्यात गुंतल्याचे कळल्यावर घराबाहेर पडलेला पती संध्याकाळी परत येतो. पत्नी दार उघडून त्याला आत बोलावते, हात पुढे करते. तोही हात पुढे करतो, आणि दोन्ही हात एकमेकांना लागण्याआधीच पडद्यावरचे चित्र थांबते. पतीने पत्नीला क्षमा केली की नाही, हा प्रश्न तेव्हापासून या प्रसंगाला चिकटलेला आहे. प्रश्न अशा शब्दांत मांडला की प्रसंगातले बरेच काही निसटते, ते का हे पुढे येईलच.

चित्रपट रवींद्रनाथ टागोरांच्या ‘नष्टनीड’ (१९०१) या दीर्घकथेवर आधारलेला आहे. छायालेखन सुव्रत मित्र यांचे, संकलन दुलाल दत्त यांचे, कलादिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्त यांचे आणि संगीत स्वतः राय यांचे. पत्नी चारुची भूमिका माधवी मुखर्जी, तिचे मन ज्यात गुंतते त्या अमलची सौमित्र चॅटर्जी आणि पती भूपतीची शैलेन मुखर्जी यांनी केली. १९६५ च्या बर्लिन महोत्सवात दिग्दर्शनासाठी रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला. आपल्या चित्रपटांत सर्वांत कमी दोष याच चित्रपटात आहेत, असे राय पुढे वेळोवेळी सांगत.

कथेचा काळ १८७९–८० चा, स्थळ कलकत्त्यातील सुखवस्तू घर. भूपती घरच्या छापखान्यातून इंग्रजी राजकीय वृत्तपत्र चालवतो आणि त्यातच बुडालेला असतो. माणूस वाईट नाही, उलट फार भला आहे. पण पहिल्याच प्रसंगात तो पुस्तक वाचत चारुच्या शेजारून निघून जातो आणि ती तिथे उभी आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. ती हातातल्या दुर्बिणीच्या चष्म्यातून त्याची पाठमोरी आकृती पाहते. थोड्या वेळापूर्वी त्याच चष्म्यातून ती खिडकीच्या झडपांआडून रस्त्यावरची अनोळखी माणसे पाहत होती. नवराही त्याच रांगेत जाऊन बसला.

तिला सोबत व्हावी म्हणून भूपती तिचा भाऊ उमापद आणि त्याची बायको यांना घरी आणतो. तिच्यातल्या लेखनाच्या आवडीला खतपाणी मिळावे म्हणून आपला आतेभाऊ अमल यालाही ते काम सांगतो. अमल कवी वृत्तीचा आहे, थट्टेखोर आहे, वयाने चारुच्या जवळचा आहे. दीर-वहिनीची थट्टामस्करी ज्या घरात रीतीला धरून समजली जाते, तिथे हे नाते कधी वेगळे झाले ते दोघांनाही उमगत नाही. चारुचा लेख मासिकात छापून येतो, ती अमलला बिलगून रडते. याहून अधिक शारीरिक असे चित्रपटात काही घडत नाही.

विश्वासघात हा शब्द शोभेल असे पहिले कृत्य चित्रपटात वेगळ्याच माणसाच्या हातून घडते. वृत्तपत्राचे पैसे हाताळणारा उमापद ते घेऊन पळून जातो. पैसे गेल्याचे दुःख नाही, विश्वास गेल्याचे आहे, अशा अर्थाचे भूपती ज्याच्याजवळ बोलतो तो अमल असतो. ऐकणाऱ्याला स्वतःचा चेहरा त्यात दिसतो. दुसरा घाव आपल्या हातून बसू नये म्हणून तो चिठ्ठी ठेवून रातोरात निघून जातो. म्हणजे भूपतीला ज्या गोष्टीची क्षमा करायची ती करणाराच तिच्यापासून मागे फिरलेला आहे. उरते ती चारुच्या मनातली ओढ, आणि ओढ हा गुन्हा धरावा की नाही यावर दिग्दर्शक बोट ठेवत नाही.

वृत्तपत्र बंद पडल्यावर पती-पत्नी समुद्रकिनारी काही दिवस राहतात. तिथे चारु नव्या पत्राची कल्पना मांडते: राजकारण इंग्रजीत, साहित्य बंगालीत, दोघांनी मिळून काढायचे. संसार नव्याने जुळू लागतो. घरी परतल्यावर अमलचे पत्र आलेले असते. भूपती बाहेर गेल्याचे पाहून चारु कोसळते आणि अमलच्या नावाने आक्रोश करते. परत खोलीशी आलेल्या भूपतीच्या कानी तो पडतो. एक शब्द न बोलता तो गाडीत बसून शहरभर भटकतो. डोळे पुसायला काढलेला रुमाल चारुने त्याच्यासाठी भरलेला असतो. चित्रपटाची सुरुवात याच रुमालावर त्याच्या नावाचे अक्षर भरणाऱ्या हातांनी झालेली होती. शेवट समजून घ्यायचा तर हे हात विसरून चालत नाही, कारण पुढे होणारा हातही तोच आहे.

परतलेल्या भूपतीला चारु दार उघडून आत बोलावते, ‘एशो’. तो अडखळतो. ती हात पुढे करते, तो आपला हात उचलतो, चित्र थांबते. यानंतर एकामागून एक स्थिर चित्रे येतात: चारुचा अर्धा उजेडातला चेहरा, भूपतीचा चेहरा, दिवा घेऊन येणारा नोकर, मग दुरून व्हरांड्यात उभी असलेली दोघे. शेवटी पडद्यावर अक्षरे उमटतात, ‘नष्टनीड’. नोकराचे ते चित्र अनेकांच्या लक्षात राहत नाही. वास्तविक, घर चालूच राहणार आहे, दिवे लागणार आहेत, हे सांगणारा तेवढा एकच तपशील तिथे आहे.

‘त्याने तिला माफ केले का’ या प्रश्नाची अडचण इथे दिसते. शेवटच्या प्रसंगात कुणी क्षमा मागत नाही. भूपती आरोप करत नाही, चारु खुलासा देत नाही. आपल्याकडे ‘चूक पोटात घाला’ असे म्हणतात. त्यात मागणारा एक आणि देणारा दुसरा असे दोन पक्ष ठरलेले असतात. इथे ते ठरत नाहीत. दुखावलेला माणूस दाराबाहेर उभा आहे आणि आत बोलावण्याचा अधिकार जिने दुखावले तिच्याकडे आहे. शिवाय वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाचा हिशोब मांडला तर दुखावली गेली ती आधी चारु. तिच्या ‘एशो’मध्ये विनवणी आहे तशी तिच्या बाजूची क्षमाही असू शकते. प्रस्तुत लेखकाला तरी ती ऐकू येते. समीक्षेत भूपतीच्या औदार्यावर जेवढे लिहिले गेले, त्या मानाने चारुने त्याला काय माफ केले याची चौकशी थोडीच झाली.

क्षमा आणि पुनर्मीलन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्या थांबलेल्या हातांमुळे दिसते. हात पुढे झाले एवढ्यावरून राग उरलेला नाही असे मानता येईल. पण स्पर्श झाला असता तर तो कसला झाला असता? दया, सवय, लोकलाज, की समुद्रकाठी नुकतीच उगवलेली मैत्री? राय यांनी स्पर्श दाखवला असता तर यांतल्या एकाचीच निवड करावी लागली असती.

मूळ कथेचा शेवट याहून कठोर आहे. तिथे अमल लग्न करून विलायतेला जातो. त्याची खुशाली कळेना म्हणून चारु नवऱ्याच्या नकळत दागिने गहाण टाकून, उत्तराचे पैसे आगाऊ भरून तार पाठवते. ‘मी ठीक आहे’ एवढेच उत्तर येते, आणि तेच भूपतीच्या संशयाला तोंड फोडते. पुढे तो म्हैसूरला एका वृत्तपत्राची संपादकी पत्करून निघतो. चारु म्हणते, मला सोबत न्या. तो कचरतो. तिचा चेहरा पाहून मग म्हणतो, चल, माझ्याबरोबर चल. त्यावर तिचे उत्तर, ‘ना, थाक्.’ नको, राहू दे. कथा तिथेच संपते. उशिरा आलेली क्षमा नाकारण्याचा मान टागोरांनी चारुला दिला. कथेपासून फारकत घेतल्याबद्दल समीक्षक अशोक रुद्र यांनी टीका केली तेव्हा राय यांनी तिला सविस्तर लेखी उत्तर दिले. दोन्ही शेवट शेजारी ठेवले की साम्य ध्यानात येते: दोन्हीकडे संकोच आधी भूपतीचा आहे. कथेत त्या संकोचाला चारु उत्तर देते, चित्रपटात ते प्रेक्षकाकडे सोपवलेले आहे.

मराठी प्रेक्षकाला दोन शब्दांपाशी थोडे थांबावे लागते. ‘एशो’ हे बंगालीतील ‘तुमि’ला (तू आणि आपण यांच्या मधल्या संबोधनाला) जुळणारे रूप, पती-पत्नी दोघांनाही सारखेच लागू. त्या काळच्या मराठी घरात बायको ‘या’ म्हणाली असती, आणि त्यात अंतर आले असते. ‘ये’ म्हटले तर आजच्या जोडप्याचे वाटते. बरोबरीचा आणि तरीही मर्यादेतला तो सूर मराठीत एका शब्दात सापडत नाही. दुसरा शब्द ‘नष्ट’. मराठीत नष्ट म्हणजे समूळ गेलेले. बंगालीत दूधही ‘नष्ट’ होते, म्हणजे नासते. ‘नासलेले घरटे’ हा अर्थ मनात धरला तर पडद्यावरचा तो अखेरचा शब्द मृत्युलेखासारखा वाटत नाही. घरटे आहे, काड्या जागच्या जागी आहेत, चव गेली आहे.

तंत्र म्हणून थांबवलेली चौकट त्या काळी नवी नव्हती. एकच चौकट प्रयोगशाळेत पुनःपुन्हा छापून असे चित्र मिळवत. फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९५९ मध्ये पहिल्याच दीर्घ चित्रपटाचा शेवट समुद्रकाठी पोचलेल्या मुलाच्या थांबलेल्या चेहऱ्यावर केला होता, आणि ती चौकट जगभर गाजली होती. राय यांनी एका चौकटीऐवजी मालिका वापरली. एकच चित्र धक्का देते. मालिकेत मात्र काळ थांबूनही नजर हिंडत राहते, पती आणि पत्नीला वेगवेगळ्या चौकटींत पाहून मग दोघांना एकत्र पाहते.

तुलनेसाठी मिकेलांजेलो अँतोनिओनी यांच्या १९६० च्या ‘लाव्हेंतुरा’चा शेवट घेता येईल. तिथे पहाटे बाकावर बसून रडणाऱ्या बेइमान प्रियकराच्या डोक्यावर स्त्री हात ठेवते. जोडपे विवाहित नाही, पण स्पर्श होतो आणि तरी अर्थ उघडत नाही. मराठीत जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२) या प्रसंगाच्या अगदी उलट दिशेने जातो. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरील या चित्रपटात घरी परतलेल्या सुलभाला (स्मिता पाटील) पती आपल्या दुसऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधाची कबुली देतो. कबुली स्पष्ट, निर्णयही स्पष्ट: ती घर सोडते. सुलभा उंबरठा ओलांडून जाते, भूपती उंबरठ्याबाहेर उभा राहतो.

वीस वर्षांनी राय पुन्हा टागोरांकडे आणि पुन्हा अशाच त्रिकोणाकडे वळले. ‘घरे बाइरे’ (१९८४) मधील निखिलेश पत्नी बिमलाला कसलीही संदिग्धता न ठेवता क्षमा करतो. नंतर तो दंगल शमवायला बाहेर पडतो आणि जिवंत परतत नाही. शेवटच्या चित्रांत बिमलाच्या अंगावरचे सौभाग्य एकेक करून उतरत जाते आणि पांढऱ्या साडीतली विधवा उरते.