व्हिडिओ फाइलींचे एकगठ्ठा रूपांतर

अनेक व्हिडिओ फाइली एकेक करून न हाताळता, एकदाच ठरवलेल्या नियमांनुसार दुसऱ्या फाइल-प्रकारात किंवा कोडेकमध्ये, म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवण्याच्या दुसऱ्या रीतीत, नेण्याला एकगठ्ठा रूपांतर, व्यवहारात ‘बॅच कन्व्हर्जन’, म्हणतात. जुन्या कॅमेऱ्यातले चित्रण आजच्या फोनवर चालावे, संपादनासाठी सगळे चित्रण एका प्रकारात यावे किंवा संग्रहाने अडवलेली जागा मोकळी व्हावी, यांसाठी ते केले जाते. नियम एकदाच ठरत असल्याने वेळ वाचतो, पण त्यातली एक चूकही तितक्याच सहजपणे शेकडो फाइलींत उतरते.

फाइलीच्या नावाअखेर दिसणारे एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही हे शब्द कंटेनरचे, म्हणजे वेष्टनाचे असतात. आतले चित्र आणि आवाज कोणत्या रीतीने दाबून भरले आहेत, हे कोडेकवरून ठरते. २००३ साली मान्य झालेला एच.२६४, २०१३ चा एचईव्हीसी आणि २०१८ चा एव्ही१ हे चित्राचे कोडेक यांपैकी एकाहून अधिक वेष्टनांत बसू शकतात. त्यामुळे एखाद्या टीव्हीला एच.२६४ समजत असेल आणि फक्त एमकेव्ही उघडत नसेल, तर चित्राला हात न लावता वेष्टन बदलले की काम भागते. याला रीमक्सिंग म्हणतात. त्यात गुणवत्ता तसूभरही घटत नाही आणि फाइलीची नक्कल करण्याइतकाच वेळ लागतो. कोडेक बदलताना मात्र प्रत्येक फ्रेम उलगडून पुन्हा दाबावी लागते, त्याला तासन्‌तास जातात, आणि नेहमीच्या कोडेकांत दर खेपेला थोडा तपशील कायमचा जातो, जो नंतर कितीही मोठा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरायचा डेटा, दिला तरी परत येत नाही. रीमक्सिंगने भागणारा संग्रह सरसकट पुन्हा एन्कोड करणे, म्हणजे नव्याने दाबणे, ही या कामातली सर्वांत महाग आणि सर्वांत नेहमीची चूक होय.

या कामाचे मुख्य साधन म्हणजे फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेले एफएफएमपेग. ते कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टंकून, चालते आणि खिडक्या-बटणांचे अनेक प्रोग्राम आतून त्याच्याच लायब्ररी वापरतात. रांग लावण्याची आणि ठरावीक प्रीसेट (सेटिंगांचे तयार संच) जपून ठेवण्याची सोय असलेला हँडब्रेक हा प्रोग्राम ज्यांना आज्ञा टंकायच्या नाहीत त्यांना सोयीचा पडतो. एफएफएमपेगमध्ये फोल्डरभर फाइली घेण्याची वेगळी सोय नाही; ते शेलमधल्या (आज्ञा टंकण्याच्या प्रोग्राममधल्या) लूपने, म्हणजे एकच आज्ञा प्रत्येक फाइलीवर पुन्हा पुन्हा देऊन, चालवावे लागते, आणि तिथे एक मजेदार खोडा येतो. चालू असताना ‘क्यू’ दाबला की थांबता यावे म्हणून एफएफएमपेग स्टँडर्ड इनपुट, म्हणजे कीबोर्डवरून वा दुसऱ्या आज्ञेकडून मजकूर येण्याची वाट, वाचत असते. फाइलींच्या नावांची यादीही त्याच वाटेने येत असेल, तर ते यादीतली अक्षरे गिळते, आणि पुढच्या फाइलीचे नाव मुंडके उडालेले मिळून ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो. ‘नोस्टडिन’ हा पर्याय दिला की हे थांबते.

गठ्ठ्यातल्या सर्व फाइलींना एकच बिटरेट देणे सोपे असले तरी न्याय्य नसते. सेकंदाला ५ मेगाबिट दिले की तासाला सुमारे २.२५ गिगाबाइट लागतात, मग समोर फळ्यापुढचे स्थिर व्याख्यान असो की पावसातला फुटबॉलचा सामना. म्हणून सहसा सीआरएफ हे परिमाण वापरतात, ज्यात गुणवत्ता साधारण स्थिर राहते आणि आकार चित्रानुसार बदलतो. आकडा जितका लहान तितके चित्र चांगले. एच.२६४ साठीच्या एक्स२६४ या एन्कोडरमध्ये न सांगता २३ आणि एचईव्हीसीसाठीच्या एक्स२६५ मध्ये २८ धरला जातो. दोन्ही पट्ट्या वेगळ्या असल्याने एकीचा आकडा दुसरीत जसाच्या तसा नेऊ नये. आधीच भरपूर दाबलेली फाइल लहान आकड्यावर पुन्हा एन्कोड केली, तर ती मूळ फाइलीपेक्षा मोठीही होऊ शकते.

खरा त्रास न बोलता होणाऱ्या चुकांचा. काही वेगळे सांगितले नसेल तर एफएफएमपेग चित्राचा एक आणि आवाजाचा एकच प्रवाह उचलते. दुसऱ्या भाषेतला आवाज कोणतीही चूक न दाखवता गळून जातो. जुन्या टेपवरचे चित्रण बहुधा इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेले, असते: डीइंटरलेस केले नाही, म्हणजे त्या ओळींपासून सलग फ्रेम तयार केल्या नाहीत, तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात, आणि ते गरज नसलेल्या फाइलींवरही केले, तर बारीक तपशील पुसट होतो. म्हणून एफएफएमपेगसोबत येणाऱ्या एफएफप्रोब या तपासणी-साधनाने प्रत्येक फाइलीत काय आहे ते आधी पाहून गठ्ठ्याचे पोटगट पाडणे हिताचे असते. एकाच नावाच्या एव्हीआय आणि एमओव्ही फाइली एमपी४ होताना एकमेकींवर लिहिल्या जाऊ शकतात, तेही याच टप्प्यावर टाळता येते.

काम मध्येच तुटले तर आणखी एक पेच उभा राहतो. एमपी४ मधली अनुक्रमणिका सामान्यतः शेवटी लिहिली जात असल्याने अर्धवट राहिलेली फाइल उघडत नाही; मात्र फोल्डरमध्ये ती दिसत राहते, आणि ‘तयार असलेल्या फाइली वगळा’ असा नियम असेल तर पुढच्या खेपेला ती पूर्ण झालेली समजून सोडली जाते. यासाठी रूपांतर तात्पुरत्या नावाने करून यशस्वी झाल्यावरच अंतिम नाव द्यावे. मूळ फाइली पुसण्याआधी दोन्हींचा कालावधी जुळवून पाहावा आणि नवी फाइल अथपासून इतिपर्यंत डीकोड करून, म्हणजे उलगडून, तपासावी, कारण कालावधी अचूक असूनही मधल्या फ्रेम फुटलेल्या असू शकतात.