आकाशातल्या वाटेचे भाडे

देवगडच्या किल्ल्यावरचा दीपस्तंभ समुद्रात चाललेल्या प्रत्येक जहाजाला सारखाच उजेड देतो, पण हा उजेड फुकटचा नाही. आपल्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांकडून 1927 च्या दीपगृह कायद्यापासून दीपशुल्क घेतले जात आले आहे. त्याच किनाऱ्यावरून रात्री दक्षिणेकडे सरकणारे विमानाचे दिवेही असेच भाडे भरून चाललेले असतात, फरक इतकाच की त्यांचा दीपस्तंभ म्हणजे दूरच्या खोलीत रडारच्या पडद्यासमोर बसलेला नियंत्रक असतो. दोन विमानांमध्ये उंचीचे साधारण 1000 फूट, नाहीतर आडवे 5 सागरी मैल अंतर राखणे हे त्याचे मुख्य काम. अरबी समुद्रात आत गेल्यावर किनाऱ्यावरचे रडार पोहोचत नाही. तेथे वैमानिक आणि नियंत्रक उपग्रहामार्गे लेखी संदेशांनी बोलतात.

हे भाडे ठरते कसे? युरोपातले सूत्र पाहण्यासारखे आहे. किलोमीटरमधल्या अंतराला 100 ने भागायचे, विमानाच्या कमाल उड्डाणवजनाला (टनांमध्ये) 50 ने भागून त्याचे वर्गमूळ काढायचे, आणि या दोहोंच्या गुणाकाराला त्या देशाच्या दराने गुणायचे. म्हणजे 50 टनांच्या विमानापेक्षा 200 टनांचे विमान चौपट नव्हे, दुप्पट भरते. नियंत्रकाला दोन्ही विमानांसाठी कष्ट सारखेच पडतात, हे खरे. वजन येथे श्रमाचे नव्हे, ऐपतीचे माप आहे.

जोवर हे काम सरकारी खाते करत होते, तोवर जमा झालेले शुल्क आणि झालेला खर्च यांचा थेट मेळ बसत नसे आणि नवे रडार घ्यायचे तर अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागे. 1987 मध्ये न्यूझीलंडने या सेवेचे वेगळे महामंडळ केले. ते आजही सरकारच्याच मालकीचे आहे, त्यामुळे व्यापारीकरण आणि खासगीकरण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणे बरोबर नाही. कॅनडाने 1996 मध्ये ही सेवा दीड अब्ज कॅनेडियन डॉलरना नॅव्ह कॅनडा या संस्थेला विकली, जिला भागधारकच नाहीत. ब्रिटनने 2001 मध्ये आपल्या संस्थेतला 46 टक्के हिस्सा सात विमान कंपन्यांच्या गटाला दिला. या व्यवस्थांचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पैशांचा नाही: विमाने सांभाळणारा आणि सुरक्षिततेचे नियम तपासणारा यांची फारकत झाली.

अडचण मात्र मूळ व्यवसायातच आहे. खाडीवर उतारूंची होडी चालवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही: उतारू चार असोत की चाळीस, होडी, डिझेल आणि माणूस तेवढाच लागतो. 11 सप्टेंबर 2001 नंतर अटलांटिकवरची उड्डाणे घटली तेव्हा कर्जाने लादलेली ब्रिटिश कंपनी डगमगली. सरकार आणि विमानतळ कंपनी बीएए यांनी 2003 मध्ये प्रत्येकी साडेसहा कोटी पौंड घालून तिला सावरले. कोरोनाकाळात नॅव्ह कॅनडाने सप्टेंबर 2020 पासून दर सरासरी 29.5 टक्के वाढवले, म्हणजे विमान कंपन्या सर्वांत खंगलेल्या असतानाच.

भारतात हे काम 1995 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे आणि नियामक असलेले नागरी विमान वाहतूक महासंचालनालय त्याहून वेगळे आहे. प्राधिकरणाच्या दिशादर्शन विभागाची, म्हणजे विमानांना वाट दाखवणाऱ्या या सेवेची, स्वतंत्र कंपनी करावी, ही चर्चा अधूनमधून डोके वर काढते. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची उभारणी खासगी कंपनीने केली आणि 2021 मध्ये तो सुरू झाला. पण तेथे मोजकीच उड्डाणे असली तरी मनोऱ्यात नियंत्रक हवाच, आणि त्याचा पगार तेवढ्या शुल्कातून निघणार नाही. आज आकाशातून नुसत्या जाणाऱ्या परदेशी विमानांचे भाडेही प्राधिकरणाच्या त्याच थैलीत पडते, म्हणून ही तूट खपून जाते. उद्या हिशेब मनोऱ्यागणिक झाला, तर चिपीला उतरणाऱ्या चाकरमान्याच्या तिकिटात किती भर पडेल, हे आधी कागदावर मांडायला हवे.