जुन्या प्रोटोकॉलवरचे पांघरूण: एसएसएच टनेलची पार्श्वभूमी

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपणारा स्निफर बसवला. त्याला फार अक्कल लागत नव्हती. टेलनेट आणि आरलॉगिन (दूरच्या यंत्रावर लॉगिन), एफटीपी (फाइल), पॉप३ (मेल) हे सारे प्रोटोकॉल पासवर्ड जसाच्या तसा तारेवर सोडत. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी यावर उपाय म्हणून एसएसएच (दूरच्या यंत्रावर एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे कूटबद्ध, जोडणीतून लॉगिन करण्याचा प्रोग्रॅम) लिहिले आणि त्याच वर्षीच्या जुलैत ते मोफत वाटले. एफटीपीचा पोर्ट (यंत्रावरच्या सेवेचा दार-क्रमांक) २१, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता. त्यांनी ईमेलने तो मागितला आणि तो मिळालाही.

टेलनेटची जागा घेणे सोपे होते, पण पॉप३ किंवा एक्स विंडोज (दूरच्या यंत्रावरचा प्रोग्रॅम आपल्या पडद्यावर दाखवणारी व्यवस्था) एका रात्रीत कोण बदलणार? म्हणून पहिल्या आवृत्तीतच सोय होती: कोणताही टीसीपी (जोडणी जुळवून डेटा क्रमाने पोहोचवणारा प्रोटोकॉल) पोर्ट, दोन्ही दिशांनी, एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीतून वळवता येई. प्रोग्रॅमला हातही लावायचा नाही. तो आपल्याच यंत्रावरच्या पोर्टशी बोलतो, पुढचे एसएसएच पाहते. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजेच एसएसएच टनेल, हे मुळात असे जुन्या प्रोटोकॉलवरचे पांघरूण आहे. त्याच्या बऱ्याच खोडी इथूनच आल्या.

उदाहरणार्थ, एसएसएच आज्ञेत इकडचा पोर्ट तिकडे वळवणाऱ्या मोठ्या ‘एल’ पर्यायापुढे कोलनने जोडलेले तीन भाग येतात: इकडचा पोर्ट, पोहोचायचा पत्ता, तिथला पोर्ट. मेलसाठी जुना नेम होता १११०, मेल सर्व्हरचे नाव, ११०. मधला पत्ता सर्व्हरच्या बाजूने वाचला जातो. तिथे ‘लोकलहोस्ट’ लिहिले तर तो सर्व्हर स्वतः, तुमचा लॅपटॉप नव्हे. नवशिके हमखास इथे अडकतात. आणि तो पत्ता तिसऱ्याच यंत्राचा असेल, तर सर्व्हरपासून तिथपर्यंतचा टप्पा एसएसएचच्या पांघरुणाबाहेर, उघडाच राहतो. एफटीपीने तर अनेकांना रडवले: आज्ञांची जोडणी टनेलमधून जाई, पण फाइल दुसऱ्या, आयत्या वेळी ठरणाऱ्या पोर्टवरून येई आणि यादी मागताच सगळे थिजे. यूडीपी (जोडणी न जुळवता पॅकेट पाठवणारा प्रोटोकॉल) या वाटेने जातच नाही.

पुढे युलोनेन यांच्या कंपनीच्या आवृत्त्यांचा परवाना कडक होत गेला. तेव्हा जुन्या मुक्त १.२.१२ आवृत्तीवरून ब्यॉर्न ग्रॉनवाल यांनी ओएसएसएच केले. ओपनबीएसडी या युनिक्स वळणाच्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी त्यावरून ओपनएसएसएच उभे केले आणि ते डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी २.६ सोबत आले. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रोटोकॉलचे मानक दस्तऐवज २००६ च्या जानेवारीत निघाले. त्यात प्रत्येक फॉरवर्ड म्हणजे एकाच टीसीपी जोडणीतले वेगळे चॅनेल. एक पॅकेट हरवले की सगळी चॅनेल खोळंबतात, ते यामुळे.

दरम्यान गरजच बदलली. इंटरनेटचे ३२ बिटांचे पत्ते पुरेनात; १९९४ मध्ये नॅट (अनेक यंत्रांना एकच सार्वजनिक पत्ता वापरू देणारी सोय) मांडले गेले, १९९६ मध्ये १० आणि १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते ठरले. घरातले यंत्र बाहेर बोलू शके, बाहेरून मात्र कोणी त्याच्यापर्यंत पोहोचेना. मग उलट दिशेचा मोठा ‘आर’ पर्याय कामी आला: आतले यंत्र स्वतः बाहेरच्या सर्व्हरला जोडते आणि त्या सर्व्हरवर पोर्ट उघडते. तो पोर्ट मूळच्या व्यवस्थेत फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर, ऐकतो. जगाला दिसायला हवा असेल तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये गेटवेपोर्ट्स चालू करावे लागते. ते बंद ठेवलेले असते हे शहाणपणाचेच आहे.

उलटे टनेल रात्री मरते आणि सकाळी पुन्हा जुळूनही चालत नाही, ही नेहमीची तक्रार. नॅट निष्क्रिय जोडणी गुपचूप विसरतो. सर्व्हरवर जुने सत्र अर्धमेले होऊन पोर्ट अडवून बसते. नव्या सत्राला पोर्ट मिळत नाही, तरी लॉगिन मात्र यशस्वी होते. क्लायंटवर सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल (सर्व्हरला ‘आहेस का?’ अशी हाक घालण्याचे अंतर) ३० सेकंद ठेवा. तीन हाका वाया गेल्या की साधारण दीड मिनिटात जोडणी तुटते. सर्व्हरवर क्लायंटअलाइव्हइंटरव्हलही लावा, नाहीतर अडलेला पोर्ट सुटत नाही. एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर ‘येस’ केले की फॉरवर्ड न झालेले सत्र खोट्या जिवंतपणाने उभे राहत नाही.

मधल्या यंत्रावरून पुढे जाण्याची पद्धतही हळूहळू सुधारली. आधी लोक तिथे नेटकॅट (जोडणीतला डेटा पुढे ढकलणारे छोटे साधन) चालवत, किंवा एजंट (लॉगिनच्या किल्ल्या सांभाळणारा प्रोग्रॅम) फॉरवर्ड करून तिथूनच पुढचे एसएसएच सुरू करत. या दुसऱ्या वाटेत मधल्या यंत्राच्या रूटला (सर्वाधिकारी वापरकर्त्याला), सत्र चालू असेपर्यंत, तुमचा एजंट वापरता येई. ओपनएसएसएचच्या २०१० च्या ५.४ आवृत्तीत मधल्या यंत्रावरून जोडणी पुढे नेणारा मोठा ‘डब्ल्यू’ पर्याय आला, २०१६ च्या ७.३ मध्ये त्याचे सोपे रूप, मोठा ‘जे’. आता मधले यंत्र फक्त बाइट पुढे ढकलते, आणि एन्क्रिप्शन उलगडते ते शेवटच्या यंत्रावर.