प्रतिरक्षा-उपचारजन्य रक्तवाहिनीशोथ

कर्करोगावरील प्रतिरक्षा-उपचारांमुळे, विशेषतः टी-कोशिकांवरील (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवरील) लगाम सैल करणाऱ्या प्रतिपिंड-औषधांमुळे, रक्तवाहिन्यांच्या भित्तीत उद्भवणारी दाहयुक्त सूज. त्वचा, आतडे व अवटू (थायरॉइड) ग्रंथी यांवरील दुष्परिणामांच्या मानाने हा विकार विरळा असून त्याची माहिती बव्हंशी सुट्या रुग्णवृत्तांतांवर व औषध-दक्षता नोंदींवर आधारलेली आहे. साहजिकच त्याच्या प्रमाणाचे आकडे जपून वापरावे लागतात.

या गटातील पहिले औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले. ते घेतलेल्या मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) रुग्णांतील महाकोशिकी धमनीशोथाची (मोठ्या व मध्यम धमन्यांच्या दाहाची) नोंद २०१४ च्या सुमारास झाली. २०१८ मधील एका आढाव्यात निश्चित म्हणता येतील असे अवघे २० रुग्ण निघाले. त्यांत मोठ्या धमन्यांचा व तंत्रिका तंत्रातील वाहिन्यांचा शोथ प्रामुख्याने दिसला; लक्षणे साधारण तीन महिन्यांच्या सुमारास सुरू झाली होती.

कारणमीमांसेबद्दल मतभेद आहेत. निरोगी धमनीभित्तीतील वृक्षिकाकोशिका (टी-कोशिकांना संकेत देणाऱ्या प्रतिरक्षा कोशिका) आपल्या पृष्ठभागावरील पीडी-एल१ या प्रथिनाद्वारे टी-कोशिकांना आवरतात. औषधाशी संबंध नसलेल्या महाकोशिकी धमनीशोथातही हे प्रथिन कमी असते आणि मानवी धमनीचे रोपण केलेल्या उंदरांत पीडी-१ (पीडी-एल१ ज्याला जोडले जाते तो टी-कोशिकांवरील ग्राही) रोधल्यावर दाह वाढतो, असे २०१७ मध्ये स्टॅनफर्ड येथील संशोधनात दिसले. हा पुरावा औषधालाच थेट कारण मानणाऱ्यांच्या बाजूचा आहे. दुसऱ्या मतानुसार औषध केवळ सुप्त विकार उघड करते. महाकोशिकी धमनीशोथ पन्नाशीनंतरचा आजार आणि या उपचारांचे बरेच रुग्णही त्याच वयाचे, त्यामुळे हे मत सहज बाजूला सारता येत नाही. खुद्द कर्करोग किंवा जेमसायटाबीनसारखे अन्य कर्करोगविरोधी औषधही वाहिनीशोथास कारण ठरू शकते. तरीही उपचार सुरू होणे व लक्षणे दिसणे यांतील कालसंबंध पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

नवी डोकेदुखी, जबड्यातील वेदना वा अंधुक दृष्टी यांवरून संशय घेतात. खात्री शंखधमनीच्या (कानशिलावरील धमनीच्या) ऊतिपरीक्षेने वा प्रतिमाचित्रणाने होते. प्रतिरक्षा-उपचाराचे औषध थांबवून दाह शमवणारी कॉर्टिकोस्टेरॉइडे देतात. दृष्टीस धोका असल्यास कॉर्टिकोस्टेरॉइडे तपासण्यांच्या निष्कर्षाची वाट न पाहता सुरू करतात. बहुतेकांना त्याने आराम पडतो. मूळ उपचार पुन्हा सुरू करण्याचा निर्णय मात्र रुग्णागणिक, कर्करोगाची स्थिती पाहून घेतला जातो.